प्राचीन अनातोलियातली थडगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम तुर्कस्तानातल्या पामुक्कालेचे, चुन्याच्या पाण्यानं घडलेले पांढरेशुभ्र कठडे बघायला निघालेला माणूस उत्तरेच्या दरवाज्यानं आत शिरला, तर कठड्यांच्या आधी त्याला थडगीच भेटतात. एक-दोन नाहीत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ दोन किलोमीटर. तुर्कस्तानच्या सहलीहून परतलेले आणि जायच्या तयारीत असलेले ओळखीचे लोक या थडग्यांबद्दल मला जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी पुरातत्त्वज्ञ नाही. शिलालेखांची भाषांतरं वाचायची खोड आहे, त्यामुळे उत्तरं त्या बाजूला जरा जास्त कलतील.

अनातोलिया म्हणजे नेमका कुठला भाग, आणि काळ कुठला?

आजच्या तुर्कस्तानचा आशिया खंडातला भाग. काळ म्हणाल तर फार लांबचा पल्ला आहे: चातालहोयुकची वस्ती नऊ हजार वर्षांपूर्वीची, तर हिएरापोलिसची (पामुक्कालेच्या कठड्यांच्या माथ्यावरचं प्राचीन शहर) बरीचशी थडगी रोमन काळातली, इ.स.च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. मधे फ्रिजियन, लिडियन, लिसियन, कारियन असे वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक येऊन गेले. त्यामुळे ‘प्राचीन अनातोलियात मेलेल्याचं काय करत?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या गावात आणि कधी, हे आधी विचारावं लागतं.

थडगी गावाच्या वेशीबाहेर का असत?

ग्रीक आणि रोमन रिवाजात मृताचा विटाळ मानत आणि वस्तीत पुरायला मनाई असे. मग वेशीबाहेर पडणाऱ्या रस्त्याची कड हीच दफनाची जागा. तिचा एक फायदाही होता. गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमच्या थडग्यावरून जाणार, तुमचं नाव वाचणार. चांगल्या जागेसाठी चुरस असे, आणि वेशीला खेटून असलेली जागा ही आजच्या भाषेत मेन रोडवरची.

अपवाद होता तो मोठ्या मानाचा. एफेसस या पश्चिम किनाऱ्याकडच्या प्राचीन शहरात सेल्ससचं ग्रंथालय सगळे बघतात, फोटो काढतात, आणि ते मुळात एक समाधीही आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिबेरियस ज्युलियस सेल्सस हा इ.स. 92 मध्ये रोमचा कॉन्सल झाला, पुढे आशिया प्रांताचा सुभेदार. त्याच्या मुलानं वडिलांच्या नावानं ग्रंथालय बांधलं आणि वडिलांना त्याच इमारतीच्या तळघरात संगमरवरी शवपेटीत ठेवलं. भर शहरात.

चातालहोयुकमध्ये तर सगळंच उलटं. तिथे गावाबाहेर दफनभूमी हा प्रकारच नव्हता. माणसं मेलेल्यांना घराच्या जमिनीखाली, ज्या ओट्यांवर झोपायचं त्यांच्याच खाली, गुडघे छातीशी घेऊन पुरत आणि वरून पुन्हा लिंपून घेत. एका घरात साठहून जास्त सांगाडे मिळाले. काहींची डोकी नंतर काढून घेतलेली आहेत, आणि 2004 साली सापडलेल्या एका कवटीवर गिलावा देऊन चेहरा घडवलेला होता. ती कवटी पुरलेल्या एका बाईच्या हातांत होती.

हिएरापोलिसला एवढी थडगी कशी? आजारी लोक गरम झऱ्यांवर यायचे आणि तिथेच मरायचे, हे खरं का?

गाईड हे हमखास सांगतात. झरे प्रसिद्ध होते आणि बाहेरगावचे लोक येत, हे खरं. पण थडग्यांवरचे लेख वाचत गेलं की भेटतात ते मुख्यतः गावातलेच लोक: रंगारी, गालिचे विणणारे, व्यापारी, त्यांच्या बायका, मुलं, मुक्त केलेले गुलाम. हे लोकर आणि कापडाच्या धंद्यावर गबर झालेलं गाव होतं. पैसा होता, जवळच दगडाच्या खाणी होत्या, आणि शेजाऱ्याचं थडगं आपल्यापेक्षा मोठं कसं, ही खुमखुमीही असणारच. बाराशेच्या वर थडगी आजही जमिनीवर दिसतात.

झऱ्यांचा संबंध आहे तो वेगळाच. पाण्यातला चुना साचत साचत पांढरा दगड होतो, आणि शतकानुशतकं वाहत राहिलेल्या पाण्यानं उतारावरची काही थडगी अर्धीअधिक गिळली आहेत. एखाद्या घरवजा थडग्याचं नुसतं छप्पर पांढऱ्या दगडातून वर आलेलं दिसतं, पुरात बुडालेल्या घरासारखं.

थडग्यांवर एवढं लांबलचक काय लिहिलेलं असतं? प्रार्थना?

प्रार्थना क्वचित. बहुतांशी तो चक्क मालमत्तेचा कागद असतो. मला विचाराल तर थडग्यावरचा सातबारा.

साधारण मसुदा असा: ही शवपेटी आणि तिच्या खालची जागा अमुक अमुक याची. हिच्यात तो स्वतः, त्याची बायको आणि त्याची मुलं पुरली जातील. दुसऱ्या कुणाला पुरायचा अधिकार नाही. कुणी पुरलं, तर त्यानं सम्राटाच्या खजिन्यात इतके आणि गावच्या ज्येष्ठांच्या सभेला इतके डेनारियस (रोमन चांदीची नाणी) भरावेत. आणि शेवटी जे वाक्य येतं ते मला फार आवडतं: या लेखाची नक्कल दफ्तरात जमा केली आहे. म्हणजे दगड फोडला, अक्षरं खरवडली तरी मूळ नोंद सरकारदरबारी आहे, बरं का!

थडग्यात कुणी कुठे झोपायचं यालाही उतरंड होती. वरच्या शवपेटीत मालक आणि मालकीण. तिच्याखाली चौथऱ्यात जी खोली असते, तिला ‘हिपोसोरिऑन’ म्हणत. तिथे नोकरचाकर, घरात वाढवलेली अनाथ मुलं, मुक्त केलेले गुलाम. घरातला वरचा मजला आणि तळमजला मेल्यावरही सुटला नाही.

पण सगळेच लेख असे कोरडे नाहीत. उत्तर वेशीजवळ फ्लाव्हिओस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याचं थडगं आहे, दोरिक शैलीतल्या पट्टीनं सजवलेलं, एका खोलीएवढं. त्याच्यावर त्यानं कोरून घेतलंय की आपण मालेयाच्या भूशिराला वळसा घालून बहात्तर वेळा इटलीला गेलो. मालेया म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेचं टोक, वादळांसाठी बदनाम. समुद्रापासून इतक्या आतल्या गावातला माणूस, आणि आयुष्याचा हिशेब म्हणून त्याला एकच आकडा सांगावासा वाटला. देवाचं नाव नाही, पदवी नाही, नुसत्या खेपा. पुढे दोन मुलांची नावं आणि ते ज्यांना परवानगी देतील त्यांनाही इथे पुरता येईल, अशी तरतूद.

दुसरा माझा आवडता म्हणजे आम्मियानोस, तिसऱ्या शतकातला. त्याच्या शवपेटीच्या झाकणावर एक यंत्र कोरलं आहे: पाणचक्कीचं चाक, त्याला जोडलेले दात्यांचे चक्र, आणि त्यावर चालणाऱ्या दोन करवती दगडाचे ठोकळे कापताहेत. गोल फिरणाऱ्या चाकाच्या गतीचं मागे-पुढे जाणाऱ्या गतीत रूपांतर करणाऱ्या दांड्याचं हे सर्वात जुनं ज्ञात चित्र मानलं जातं. तंत्रज्ञानाच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट समजली ती एका कारागिराला आपल्या हुनराचा अभिमान होता म्हणून. लेखात तो स्वतःची तुलना दैदालोसशी, म्हणजे ग्रीकांच्या विश्वकर्म्याशी करतो.

बायकांच्या नावावर थडगी असत का?

हो. स्वतःच्या पैशानं स्वतःसाठी, नवऱ्यासाठी, मुलांसाठी थडगं बांधणाऱ्या बायकांचे लेख ठिकठिकाणी आहेत. याच संदर्भात लिसियाबद्दल, म्हणजे अनातोलियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या मुलखाबद्दल, एक गैरसमज फार ऐकू येतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहिलं की लिसियन लोक बापाचं नाव न लावता आईचं लावतात. ते वाचून मातृसत्तेवर बरंच काही लिहिलं गेलं. लिसियन भाषेतली थडग्यांवरची नावं मात्र पाहिली, तर ‘अमक्याचा मुलगा’ असं बापाचंच नाव सर्रास येतं.

थडग्यांवरच्या लेखांतला तो दंड खरंच वसूल होत असे?

व्यवस्था तरी चोख होती. लिसियात बऱ्याच लेखांत लिहिलेलं असतं की गुन्हा सिद्ध करून देणाऱ्याला दंडाच्या रकमेचा तिसरा हिस्सा मिळेल. म्हणजे मेलेल्याच्या वतीनं पाळत ठेवायला जिवंतांना पैशाची गोडी. रक्कम काही शे डेनारियसपासून काही हजारांपर्यंत.

तरी पण थडगी बळकावली गेलीच. जुनं नाव खरवडून त्यावर नवं नाव घातलेलं दिसतं, एकाच पेटीवर दोन-तीन कुटुंबांचे लेख दिसतात. ज्या गुन्ह्याबद्दल इतक्या वेळा इतक्या कळकळीनं बजावलं जातं तो गुन्हा रोजचाच असणार, हे उघड आहे. लुटारूंची पद्धत ठरलेली: जड झाकण उचलायच्या फंदात न पडता पेटीच्या कुशीला भोक पाडायचं. कुठल्याही दफनभूमीत फिरा, ही भोकं दिसतीलच.

शापही लिहीत म्हणे?

दंडावर भरवसा नसेल तेव्हा. किंवा दोन्ही, म्हणजे पक्कं. नेहमीचा शाप असा की थडग्याला हात लावणाऱ्याला जमीन पीक न देवो आणि समुद्र वाट न देवो. फ्रिजियातले ख्रिस्ती लोक जरा सौम्यपणे लिहीत: त्याला देवाला जाब द्यावा लागेल.

फ्रिजियन भाषेची गोष्ट तर चमत्कारिकच आहे. रोमन काळातली ही भाषा आपल्याला माहीत आहे ती जवळजवळ पूर्णपणे थडग्यांवरच्या शापांमुळे. वरचा मजकूर ग्रीकमध्ये, अगदी कायदेशीर, आणि शेवटी एक ओळ मायबोलीत: जो कुणी या थडग्याचं वाईट करील त्याचं वाटोळं होवो. व्यवहार परक्या भाषेत करणारा माणूस शिव्याशाप मात्र आपल्याच भाषेत देतो, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

लिसियातली डोंगरकड्यांतली थडगी कशी कोरली?

वरून खाली. दाल्यानजवळ कौनोसच्या कड्यात एक भलं मोठं थडगं अर्धवट राहिलं आहे. त्याचा माथा पूर्ण, नितळ. खाली खांब निघालेच नाहीत, नुसता दगड. काम वरून सुरू करून खाली उतरत होते हे एका नजरेत कळतं. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला हे नवं नाही.

पण खरी मजा जवळून बघितल्यावर कळते. मायरा (आजचं देमरे) किंवा फेथियेच्या कड्यातली साधी, घरासारखी थडगी घ्या. दर्शनी भागात तुळयांची टोकं बाहेर आलेली, छपराखाली गोल ओंडक्यांची रांग, खांबाला आडव्या पट्ट्या जिथे मिळतात तिथे खाचा. दगडाला यातलं काहीएक लागत नाही. लाकडी घराची हुबेहूब नक्कल पाथरवटानं कड्यात उतरवली आहे. खरी लाकडी घरं कधीच कुजून गेली, त्यांचा सांधा न् सांधा थडग्यांत शिल्लक राहिला. कार्ले-भाजे पाहिलेल्या मराठी माणसाला इथे ओळखीचं काही वाटलं तर ते उगाच नाही. लिसियातली थडगी आणि भारतातली सुरुवातीची चैत्यगृहं यांच्यातल्या साम्याकडे कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनीही लक्ष वेधलं होतं. शवपेट्यांची झाकणंही तशीच, उलट्या होडीसारखी कमानदार. ही बघायला कडा चढायला नको. काश गावच्या बाजारपेठेतल्या चढत्या गल्लीच्या टोकाला एक उभी आहे, आणि केकोवाला जमीन खचल्यामुळे एक तर उथळ समुद्रात पाय बुडवून उभी आहे.

एवढ्या उंचावर का? पंखवाले जीव आत्मा उचलून नेत म्हणून?

हेही गाईडचं लाडकं उत्तर. झँथोस या लिसियन शहरातल्या एका थडग्याच्या स्तंभावर बायकांची डोकी असलेले पक्षी लहान आकृत्या उचलून नेताना कोरले आहेत, त्यावरून ही कल्पना पसरली असावी. मला ती पटत नाही, कारण कितीतरी लिसियन थडगी जमिनीलगत आहेत आणि तो स्तंभ स्वतः शहराच्या मधोमध, बाजारचौकाजवळ उभा आहे. लिसियन लोक मेलेल्यांना वेशीबाहेर घालवतच नव्हते. जाता जाता: त्या स्तंभावरची शिल्पं आज तिथे दिसतात ती प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पं चार्ल्स फेलोज यानं 1840 च्या दशकात लंडनला नेली, तीही बोटी भरभरून. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

‘सार्कोफॅगस’ म्हणजे मांस खाणारा, हे खरं?

शब्दाचा अर्थ तोच. अनातोलियातल्या आसोसच्या एका दगडाबद्दल रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्यात ठेवलेलं प्रेत दात सोडून चाळीस दिवसांत नाहीसं होतं. दगडाचं नाव पुढे पेटीला चिकटलं. चाळीस दिवसांचा दावा प्लिनीचा, त्याच्याकडेच राहू द्या.

पुरत की जाळत? सोबत काय ठेवत?

दोन्ही चालत असे. दुसऱ्या शतकापासून दगडी शवपेट्यांची चलती झाली आणि जाळणं मागे पडलं. सोबत तेलाचे दिवे, अत्तराच्या लांब मानेच्या काचेच्या बाटल्या, कधी पलीकडच्या नावाड्यासाठी तोंडात एक नाणं.

आपल्या वर्षश्राद्धासारखं काही होतं का?

होतं, आणि त्याची पैशाची सोय आधीच करून ठेवत. हिएरापोलिसमध्ये लोक आपल्या धंद्याच्या संघाकडे रक्कम ठेवत. तिच्या व्याजातून दरवर्षी थडग्यावर फुलांचा हार चढवायचा. मुलाबाळांवर भिस्त न ठेवता संघाकडे ठेव ठेवणं, हा शहाणपणा वाटतो.

यातला सर्वात विलक्षण लेख पोप्लिओस ऐलिओस ग्लायकॉन याचा. त्यानं जांभळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांच्या संघाकडे 200 डेनारियस ठेवले आणि व्याज वाटायचं ते बेखमीर भाकरीच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या पासोव्हरला. गालिचे विणणाऱ्यांकडे 150 ठेवले. त्यातलं अर्धं व्याज पेंटेकॉस्टला, म्हणजे पासोव्हरनंतर पन्नास दिवसांनी येणाऱ्या सणाला, आणि अर्धं कॅलेंड्सला, म्हणजे रोमन नववर्षाला. तो ज्यू होता, की ज्यूंच्या सणांची आवड असलेला ग्रीक, की दोन्हीकडे पाय असलेला? विद्वान अजून भांडताहेत. ग्लायकॉनला स्वतःला हा प्रश्न पडला असेल असं काही वाटत नाही.

मिलासच्या गुमुशकेसेन समाधीत वरच्या मजल्याच्या फरशीला एक भोक आहे. नातेवाइकांनी वरून ओतलेली मदिरा थेट खालच्या खोलीत, मृताच्या अंगावर पडावी म्हणून.

बोद्रुमचं मॉसोलियम, सात आश्चर्यांतलं, बघण्यासारखं आहे का?

अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. एक खड्डा, काही पायऱ्या, खांबांचे तुकडे. ही समाधी ज्याची, तो कारियाचा राजा मॉसोलस इ.स.पू. 353 मध्ये वारला. त्याची बहीण आणि राणी आर्टेमिसिया दोन वर्षांनी गेली. प्लिनीच्या हिशेबानं उंची 140 फूट, भोवती 36 खांब, वर 24 पायऱ्यांचा पिरॅमिड. भूकंपांनी ते पाडलं आणि उरलेले दगड सेंट जॉनच्या सरदारांनी (धर्मयुद्धं लढणारा ख्रिस्ती संघ) 1494 आणि 1522 मध्ये किल्ल्याच्या डागडुजीला वापरले. म्हणून मॉसोलियम बघायचं तर किल्ल्याच्या भिंती बघा. हिरवट दगड दिसले की समजायचं. डॅनिश उत्खननात दफनखोलीच्या पायऱ्यांपाशी अंत्यविधीत बळी दिलेल्या बैल, मेंढ्या, कोंबड्या, कबुतरांचे अवशेष मिळाले, अंड्यांसकट.

आणि मिडास राजाचं थडगं?

मिडास म्हणजे हात लावील त्याचं सोनं होई असं ज्याच्याबद्दल सांगतात तो फ्रिजियाचा राजा. त्याच्या राजधानीतली, गोर्डिऑनची ती टेकडी 53 मीटर उंच आहे आणि ती माणसांनी रचली आहे. 1957 मध्ये आत बोगदा खणल्यावर लाकडी खोली मिळाली, साठी ओलांडलेल्या पुरुषाचा सांगाडा, आणि काशाची दीडशेहून जास्त भांडी. सोनं एक गुंजही नाही! लाकडाच्या वर्तुळांवरून खोली सुमारे इ.स.पू. 740 ची ठरते, म्हणून तो मिडास नसून त्याचा बाप असावा असं आता मानतात. भांड्यांच्या तळाशी सुकलेल्या खरकट्याची रासायनिक तपासणी झाली. अंत्यविधीच्या जेवणात मसूर घातलेलं मेंढीचं किंवा बोकडाचं मटण होतं. प्यायला द्राक्षाची मदिरा, जवाची बिअर आणि मधाचं मद्य एकत्र मिसळून.

इस्तंबूलच्या संग्रहालयातली अलेक्झांडरची शवपेटी?

त्याची नाही. त्याचं चित्र तिच्यावर आहे, इतकंच. आणि ती अनातोलियातलीही नाही. उस्मान हमदी बे यांनी 1887 मध्ये लेबनॉनच्या सिडॉनमध्ये काढली.

एफेससला क्लिओपात्राच्या बहिणीचं थडगं आहे ना?

अष्टकोनी समाधीबद्दल म्हणताय. अर्सिनोई चौथी हिला इ.स.पू. 41 मध्ये एफेससला मारलं, म्हणून ती समाधी तिची, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. 2025 च्या सुरुवातीला कवटीची नवी तपासणी प्रसिद्ध झाली: ती 11 ते 14 वर्षांच्या मुलाची निघाली. जुनी माहितीपुस्तकं मात्र अजून अर्सिनोईच सांगतात.

वेळ कमी असेल तर कुठलं एक बघावं?

हिएरापोलिस, उत्तरेच्या दरवाज्यानं. सकाळी लवकर, सावली अजिबात नाही, पाणी बरोबर ठेवा. बहुतेक बस दक्षिणेला सोडतात, ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा.

गाणं कोरलेलं थडगं कुठे आहे?

सापडलं ऐदिनजवळ, प्राचीन त्रालेसमध्ये, 1883 साली. आहे आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात. संगमरवराचा एक छोटा गोल स्तंभ. सेकिलोस नावाच्या माणसानं उभारलेला. त्यावर चार ओळींचं गाणं आणि अक्षरांच्या डोक्यावर स्वरांच्या खुणा. आशय असा की जिवंत आहेस तोवर झळक, दुःख करू नको, आयुष्य थोडं आणि काळ आपलं देणं मागून घेतोच. संपूर्ण टिकलेलं हे जगातलं सर्वात जुनं गाणं. आज ते वाजवता येतं, गाता येतं, मिनिटभरात संपतं.

सापडल्यावर ते रेल्वेच्या एका साहेबाच्या घरी गेलं. त्याच्या बायकोला फुलांची कुंडी ठेवायला ते सोयीचं वाटलं, पण बूड वाकडं होतं, म्हणून ते सरळ कापून घेतलं. त्यात तळाची एक ओळ गेली. गाणं वाचलं. सेकिलोसनं ते कुणासाठी कोरलं ते त्या तळाच्या मजकुरात होतं: ‘एउतेर…’ एवढी अक्षरं कळतात, आणि ती बायको एउतेर्पी होती की एउतेर्पोस नावाचा बाप, यावर आजही वाद चालतो.